हिराचा सलाम

मांजरी गावच्या संभाजीला घोडीबद्दल कुणी वाकडा शब्द काढलेला खपायचा नाही. बायकोबद्दल काढला तर एक वेळ ऐकून घ्यायचा. हे सोजरबाई स्वतःच चारचौघांत सांगायची, आणि सांगताना हसायचीही नाही.

घोडीचं नाव हिरा. अंगानं पांढरीशुभ्र, नाकपुडीपाशी तेवढा एक गुलाबी डाग. मांजरी पुणे महापालिकेत गेली, उसाच्या रानांत मनोरे उभे राहिले, नळाला पाणी यायच्या आधी घराला पट्टी आली, पण संभाजीनं घरामागचा तो एवढासा तुकडा काही सोडला नाही. बिल्डरचा माणूस आला की त्याला म्हणायचा, "घोडी कुठं बांधू? तुमच्या पार्किंगमधी?" माणूस हसायचा. संभाजीला त्यात हसण्यासारखं काही वाटायचं नाही, कारण तो खरंच विचारत असायचा.

आता लग्नाच्या घोड्या काय कमी आहेत का? हडपसरला आहेत, वाघोलीला आहेत, बग्गीवाले तर ढिगानं. तरी लग्नाची तारीख धरायच्या आधी लोक संभाजीला फोन करायचे, हिरा मोकळी आहे का म्हणून. कारण एकच, हिराचा सलाम. नवरदेव पाठीवर बसला, हलगी कडाडली आणि हिरा चालायला लागली की ती पावलागणिक मान खाली झुकवायची. उजवं पाऊल, डावं पाऊल, मान खाली. उजवं, डावं, मान खाली. जणू दोन्ही बाजूंनी उभ्या असलेल्या पाहुण्यांना एकेकाला रामराम घालत निघाली आहे. म्हाताऱ्याकोताऱ्या तिच्यावरून बोटं मोडायच्या. पोरं मोबाइल वर धरून पुढं पुढं उलटी चालायची.

संभाजीनं तिला नाच शिकवला होता. जागच्या जागी पावलं टाकायची, गोल फिरायचं, बाजेवर चारी पाय ठेवून उभं राहायचं, सगळं त्याच्या हातचं. पण सलाम त्यानं शिकवला नव्हता. तो आपोआप आला. पाच-सहा वर्षांपूर्वी केशवनगरच्या एका लग्नात घोडी एकाएकी मान झुकवायला लागली, लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला आणि संभाजीचा ऊर भरून आला. त्यानं खिशातला गुळाचा खडा काढून तिथंच तिच्या तोंडात घातला. मग पुढच्या सलामाला पुन्हा खडा. पुण्याच्या बुधवार पेठेतून लाल पिसांचा तुरा आणून तिच्या कपाळावर बांधला, म्हणजे मान हलली की लांबूनही दिसावी. पायांत पितळी घुंगरांचे चाळ होतेच. "देवानं दिलेलं हाय," तो ज्याला त्याला सांगायचा. "मानसाला शिकवून येत नाय असलं."

हिराचे नखरेही त्याला तोंडपाठ. सकाळी ती लवकर उठायची नाही. उठली तरी पहिली चार पावलं अशी टाकायची की बघणाऱ्याला वाटावं हिच्या पायांना मेंदी लावलीय. आवारात दोन-तीन चकरा मारल्या की मोकळी व्हायची. "राणीसरकारांचं उठणं," संभाजी म्हणायचा आणि दोरीला हिसका द्यायचा. उभी असली की उजवा पाय जरा पुढं टाकून उभी राहायची. सोजरबाईनं एकदा विचारलं होतं, "ही पाय असा पुढं काढून का उभी राहती ओ?"

"ऐट हाय ती," संभाजी म्हणाला. "तुला नाय कळायची."

सोजरबाईनं पुन्हा विचारलं नाही. घोडीच्या बाबतीत तिला काही कळत नाही हे त्या घरात केव्हाच ठरून गेलं होतं.

हिरा घरात आली ती अकलूजच्या बाजारातून, शिंगरू असताना. संभाजीचा एकुलता एक मुलगा रविराज तेव्हा शाळेत होता. टेम्पोत शिंगरू बिथरलं, तेव्हा हा पोरगा मागं गवतावर बसला आणि घरापर्यंत त्याची मान मांडीवर घेऊन आला. त्याच दिवशी त्यानं बापाला विचारलं, "आप्पा, माझ्या लग्नात हिलाच आणायची ना?"

"त्या दिवशी हिरा दुसऱ्या कुणाला द्यायची नाय," संभाजी म्हणाला. "त्या दिवशी ती तुझी."

त्यानंतर रविराजच्या वर्गातली सगळी पोरं हिरावर बसून बोहल्यावर चढली. रविराज शिकला, खराडीला कंपनीत लागला, मुली बघता बघता तिशीला टेकला. संभाजी दुसऱ्यांच्या पोरांच्या पुढं लगाम धरून चालायचा आणि मनात आपल्या पोराला त्या खोगिरावर बसवून बघायचा. शेवटी जमलं. मुलगी उरुळीची, नाव संस्कृती. तारीख धरली. संभाजीनं त्या तारखेला बाकी सगळ्यांना नाही म्हणून सांगून टाकलं आणि हिरासाठी जरीची नवी झूल शिवायला दिली.

आणि तारीख तोंडावर आली असताना फुरसुंगीच्या वरातीत हिरा अडखळली. सपाट डांबरी रस्ता, खड्डा नाही की खडा नाही. उजवा पाय टेकला आणि गुडघा दुमडला. वरचा नवरदेव सरळ तिच्या मानेवर आला. पोरांनी त्याला वरच्या वर झेलला, म्हणून बरं. हिरा लगेच उभी राहिली, मान झुकवली, लोक हसले, वरात पुढं गेली. पण संभाजीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. आठवड्यानं त्याच पाठीवर त्याचं पोर बसायचं होतं.

त्यानं तेल चोळलं, गरम विटेचा शेक दिला. कुणी म्हणालं तापल्या सळईनं डाग दे, त्याला त्यानं हाकलून लावलं. रविराजनं मात्र कुणाकुणाला विचारून घोड्यांच्या डॉक्टरचा नंबर काढला. डॉक्टर शेफाली. खडकीला राहायची, घोड्यांशिवाय दुसऱ्या जनावराला हात लावायची नाही. दुसऱ्याच दिवशी गाडीच्या डिकीत पेट्या भरून ती मांजरीत आली.

वयानं रविराजएवढीच. संभाजीनं तिच्याकडं बघितलं आणि मग रविराजकडं बघितलं. ते तिनं बघितलं.

"आधी काय काय केलंत, काका?"

"तेल लावलं. शेकलं. एक जण डाग दे म्हनला."

"दिलात?"

"नाय."

"उपकार झाले," ती म्हणाली आणि बूट बदलायला बसली.

तिनं आधी हिराला नुसतं उभं राहू दिलं आणि भोवतीनं हळूहळू फिरली. मग चारी पायांवरून वरपासून खालपर्यंत हात फिरवला. उजव्या पुढच्या पायाच्या खुराच्या वरच्या सांध्याशी हात थांबला. डाव्या पायाच्या त्याच सांध्यावर गेला, परत उजव्यावर आला. "हा जाड आहे," एवढंच म्हणाली. मग रविराजला म्हणाली, "दोर सैल धरा आणि रस्त्यावर चालवा. सरळ. मग पळवा. मान धरायची नाही, तिला मोकळी ठेवा."

घरासमोर सोसायटीवाल्यांनी सिमेंटचा रस्ता केला होता. रविराजनं हिराला चालवली. मग पळवली. टाप, टाप, आणि मान खाली. टाप, टाप, आणि मान खाली. हलगी नव्हती, नवरदेव नव्हता, तरी सलाम चालू होता. संभाजीला राहवेना.

"मॅडम, तो तिचा सलाम हाय. त्याच्याकडं लक्ष देऊ नका. तुम्ही पाय बघा."

"मी मानच बघतेय, काका," शेफाली म्हणाली.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "कधीपासून आहे हा सलाम?"

झालं. ह्या प्रश्नाची तर संभाजी वाटच बघत असायचा. त्यानं सगळं सांगितलं. केशवनगरचं लग्न, न शिकवता आलेला सलाम, गुळाचा खडा, बुधवारातला तुरा, लोकांच्या टाळ्या. पहिल्यांदा कमी होता, मग वर्षावर्षाला वाढत कसा गेला, आता तर चार पावलं टाकली तरी मान कशी झुकते. सकाळची राणीसरकारांची चाल त्यानं स्वतः करून दाखवली. पाय पुढं टाकून उभं राहण्याची ऐटही सांगितली. शेफालीनं मधे एकदाही तोडलं नाही. मघाशी टोमणा मारणारी बाई ती, पण तोंड मिटून ऐकत राहिली, आणि तो थांबला तेव्हा तिनं मान खाली घातलेली होती.

"बरं," ती म्हणाली. "आपण एक एक करून बघू."

तिनं हिराचा उजवा पाय उचलला, खालचा सांधा दुमडून घट्ट धरला, थोडा वेळ तसाच धरून ठेवला आणि सोडल्याबरोबर पळवायला सांगितलं. हिरा पळाली, आणि मान अशी झुकली की तुरा असता तर जमिनीला लागला असता. रस्त्यावरून चाललेला दूधवाला थांबून बघायला लागला. संभाजीच्या चेहऱ्यावर हसू आलं. त्याला वाटलं घोडी पाहुणीपुढं रंगात आली.

मग शेफालीनं त्या सांध्याजवळचे केस कापले, ती जागा पुन्हा पुन्हा धुतली आणि सांध्यात इंजेक्शन दिलं. "आता थांबायचं," ती म्हणाली. सोजरबाईनं चहा केला. चौघं ओट्यावर बसून चहा प्यायले.  हिरा चिंचेच्या सावलीत उभी होती, आणि सोजरबाईलाच पहिल्यांदा दिसलं.

"पाय मागं घेतला तिनं," ती म्हणाली.

खरंच, हिरानं उजवा पाय डाव्याच्या बरोबरीनं टेकवला होता. किती वर्षांनी ते कुणाला सांगता आलं नसतं.

"पळवा," शेफाली म्हणाली.

रविराजनं दोर घेतला. हिरा निघाली. टाप, टाप, टाप, टाप. मान सरळ. रस्त्याच्या टोकापर्यंत गेली, वळली, परत आली. मान सरळ. डोक्यावर पाण्यानं भरलेली घागर ठेवावी आणि थेंब सांडू नये, अशी सरळ. कान पुढं, शेपूट उचललेली. शिंगरू असताना ती अशी पळायची.

संभाजी उठून उभा राहिला. "मॅडम," तो म्हणाला, "तिचा सलाम कुठं गेला?"

 शेफालीनं रविराजला घोडी सावलीत न्यायला सांगितलं आणि संभाजीला ओट्यावर बसवलं.

"काका, इंजेक्शननं तिचा तो सांधा बधिर झालाय. काही वेळ तिथं दुखणार नाही. दुखायचं थांबलं म्हणून सलाम थांबला."

"म्हंजी?"

"दुखरा पाय जमिनीवर टेकायची वेळ आली की घोडा मान वर फेकतो. त्यानं त्या पायावरचा भार तेवढाच कमी होतो. मग चांगला पाय टेकला की मान खाली येते. तुम्हाला खाली येणारी मान दिसत होती. तिच्या जिवाची सगळी धडपड मान वर नेण्यात होती." ती थांबली. "तो सलाम नव्हता, काका. ती लंगडत होती."

संभाजी मग एकदम चिडला. चिडला म्हणजे चांगलाच चिडला. "सहा वर्सं लोकांनी टाळ्या वाजवल्या," तो म्हणाला. "शेकड्यांनी मानसं. त्यातल्या एकाला दिसलं नाय? म्या जनम घालवला घोड्यांत. मला दिसलं नाय? तुम्ही सकाळी आला आन् तुम्हाला दिसलं?"

"आप्पा," रविराज म्हणाला.

"तू गप बस."

शेफालीनं वाद घातला नाही. गाडीतून एक्स-रेचं यंत्र काढलं, दोन बाजूंनी फोटो घेतले आणि लॅपटॉप ओट्यावर ठेवला. पडद्यावर हिराच्या पायाची हाडं आली. तिनं डाव्या पायाचा फोटो आधी दाखवला. "ही दोन हाडं, आणि ही मधली काळी फट. फट म्हणजे गादीची जागा. गादी आहे म्हणून हाडावर हाड घासत नाही." मग उजव्या पायाचा. तिथं फट नव्हती. हाडावर हाड बसलं होतं आणि कडांना बाभळीच्या काट्यांसारखी टोकं फुटली होती. हे समजायला डॉक्टर असावं लागत नव्हतं. संभाजी त्या टोकांकडं बघत राहिला.

"सकाळी आखडते, चाललं की मोकळी होते, ते ह्यामुळंच. पाय पुढं काढून उभी राहते तेही. त्या पायावर भार नको म्हणून."

खुंटीला घुंगरांचे चाळ लटकत होते. पितळेचे, चांगले वजनदार. दर वरातीला संभाजी ते स्वतःच्या हातानं बांधायचा, खुराच्या जरा वर, नेमके त्या सांध्यावर, आणि निसटू नयेत म्हणून पट्टा गच्च आवळायचा. ते त्याला आता आठवलं.

"बरं व्हायचं काय?" सोजरबाईनं विचारलं.

"बरं होणार नाही, मावशी. झिजलेली गादी परत येत नाही. औषध देऊ, सांध्यात इंजेक्शन देऊ, खाली मऊ भुसा टाका, हळूहळू मोकळी फिरू द्या. बांधून ठेवू नका. पाठीवर कुणी बसायचं नाही आणि नाच बंद. दुखणं आटोक्यात राहील. काही महिने, कदाचित वर्ष-दोन वर्षं. पुढं एक दिवस तेही राहणार नाही. तेव्हा मला बोलवा."

बोलवा म्हणजे कशाला, हे कुणी विचारलं नाही.

पेट्या गाडीत भरून झाल्या तेव्हा संभाजी तिच्यामागं गाडीपाशी गेला. रविराज आणि सोजरबाई लांब आहेत हे बघून घेतलं. आणि मग, जे विचारताना त्याची मान वर होईना, ते त्यानं विचारलं.

"मॅडम, हे बधिर करायचं इंजेक्शन... एक दिस देता येईल का? निसतं मारुतीच्या देवळापर्यंत. पोराचं लगीन हाय. मी तिला नाचवनार नाय. चाळ बांधनार नाय."

"देता येतं," शेफाली म्हणाली. "तिला काही कळणार नाही. त्या झिजलेल्या सांध्यावर ती पूर्ण वजन टाकेल, वर रविराजचं वजन. हलगी वाजली की तुम्ही नाही म्हणालात तरी नाचेल, तिला तेच ठाऊक आहे. इंजेक्शन उतरल्यावर पुढचं ती एकटी सोसेल. मी देणार नाही. पण देणारे मिळतील तुम्हाला, पुण्यात काय मिळत नाही." ती गाडीत बसली आणि काच खाली केली. "एक करा, काका. उद्या सकाळी ती उठते तेव्हा तिथं जाऊन बसा. उठवू नका, दोरीला हात लावू नका. नुसतं बघा."

संभाजीला राग आला. घोडी कशी उठते हे आता ही पोरगी शिकवणार. पण दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमाराला तो गोठ्याशी जाऊन उंबऱ्यावर बसला.

हिरा जागी होती. त्याला बघून कान हलवले. मग उठायला म्हणून तिनं उजवा पाय पुढं पसरला, अंग उचललं, आणि पाय जमिनीवर टेकल्याबरोबर परत खाली बसली. जरा वेळ गेला. पुन्हा पाय पसरला, पुन्हा अंग उचललं, नाकातून एक आवाज निघाला, घोरल्यासारखा, आणि पुन्हा बसली. मग तिनं संभाजीकडं बघितलं. ती दोरीच्या हिसक्याची वाट बघत होती. रोज ह्याच वेळेला तो हिसका द्यायचा, "चला राणीसरकार" म्हणायचा, आणि हिसक्याच्या धाकानं ती त्या पायावर उभी राहायची. आज हिसका आला नाही. ती बसून राहिली, आणि संभाजी तोंडात उपरण्याचा बोळा कोंबून लहान पोरासारखा रडला.

सहा वर्षं. ती त्याला पावलागणिक सांगत होती, आणि तो तिच्या तोंडात गूळ घालत होता.

चहा घेऊन आलेल्या सोजरबाईनं त्याला तसं बघितलं. बायको म्हणून तिला बोलायला जागा होती. मी विचारलं होतं तेव्हा काय म्हणालात, असं तिनं म्हटलं असतं तर ते चुकीचं नव्हतं. पण तिनं कप खाली ठेवला आणि त्याच्याजवळ उंबऱ्यावर बसली.

त्या दिवशी संध्याकाळी त्यानं रविराजला सांगितलं. "हिरा नाय यायची तुझ्या लग्नात."

रविराजनं मान हलवली. बापाच्या तोंडून ऐकण्यासाठीच तो थांबला होता असं दिसलं.

"हडपसरची घोडी सांगतो. काळी हाय, पन देखनी हाय."

"नको, आप्पा. दुसऱ्या कुठल्या घोडीवर नाही बसायचं मला."

"मग? जीपमधी जातो?"

"चालत जातो."

नवरदेव चालत. भावकीत कुजबुज झाली. दाराशी घोडी असताना पोरगं पायी मारुतीला, असं काय बिनसलं घरात, म्हणून. संभाजीनं कुणाला कारण सांगितलं नाही. काय सांगणार? ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांनाच सांगायचं? एक मात्र त्यानं केलं. हलगीवाल्या गेनबाला आदल्या दिवशी गाठून सांगितलं, मिरवणूक माझ्या फाटकाजवळ आली की मी हात वर करीन, तेव्हा हलगी बंद ठेवायची, आणि फाटक ओलांडून बरंच पुढं गेल्याशिवाय वाजवायची नाही.

"पोराच्या परण्याला हलगी बंद?" गेनबा म्हणाला. "संभाजी, तब्येत बरी हाय नव्हं?"

"सांगितलं तेवढं कर."

लग्नाच्या दिवशी, मुहूर्ताआधी, नवरदेवाला मारुतीच्या पाया पडायला न्यायचं असतं. त्यालाच परण्या म्हणतात. रविराज फेटा बांधून, हळदीच्या अंगानं, हातात कट्यार धरून पायी निघाला. पुढं हलगी, मागं बायका, मधे भावकी. हलगी हिराच्या कानाशी वाजू नये म्हणून मिरवणूक रविराजच्या चुलत्याच्या दारातून काढली, पण मारुतीला जायचा रस्ता संभाजीच्या फाटकावरूनच. फाटक दिसायला लागलं तसा संभाजीनं हात वर केला. गेनबानं हलगी थांबवली. सगळं एकदम शांत झालं. नुसता चपलांचा आवाज. पाहुणे एकमेकांकडं बघायला लागले.

पण हलगी चुलत्याच्या दारात वाजली होती, आणि घोड्याचे कान माणसाचे नसतात. हिराला आता बांधून ठेवत नव्हते. ती केव्हाच उठून उभी होती. झूल नाही, तुरा नाही, चाळ नाहीत, तरी ती कामावर निघाली. गोठ्यातून फाटकाकडं एकटी चालत यायला लागली, आणि पावलागणिक तिची मान झुकत होती.

"बघा, बघा," मागून कुणीतरी म्हणालं. "घरचं लगीन हाय, समजतंय तिला. हलगी न्हाई तरी सलाम घालती."

कुणीतरी टाळी वाजवली. मग दुसऱ्यानं. मग सगळ्यांनीच, तालात, हलगीची कसर भरून काढावी तशा. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. मोबाइल वर गेले. म्हाताऱ्यांनी बोटं मोडली. आणि टाळ्यांचा ताल कानी पडला तशी हिरा फाटकाशी थांबून जागच्या जागी पावलं टाकायला लागली. उजवं, डावं. उजवं, डावं. उजवं टेकताना मान वर जात होती, झटक्यानं, आणि आता संभाजीला ती वर जाणारी मानच तेवढी दिसत होती.

"टाळ्या बंद करा," तो म्हणाला. टाळ्यांत कुणाला ऐकूच गेलं नाही.

तो धावला. फाटक उघडलं आणि दोन्ही हातांनी तिची मान कवटाळली. "नगं, बाई," तो म्हणत होता. "आता नगं. बास झालं. थांब." त्याच्या हातांतही मान उचलली जात होती. एवढ्यात रविराज आत आला. नवे कपडे, हळद, फेटा, कशाचा विचार न करता तो हिराच्या पुढं खाली मातीत बसला, तिचा उजवा पाय अलगद उचलला आणि मांडीवर घेतला. पाय जमिनीवरून सुटला तशी हिराची मान थांबली.

लोकांना वाटलं नवरदेव घोडीची पूजा करतोय. टाळ्या आणखी वाढल्या. दोघी बायका कुंकवाचा करंडा घेऊन पुढं आल्या आणि त्यांनी भक्तिभावानं त्या सुजलेल्या सांध्याला हळदकुंकू लावलं. सोजरबाई फाटकापाशी पदर तोंडाला लावून उभी होती. तिचं रडणंही लोकांनी आनंदाचे अश्रू म्हणून सोडून दिलं.

हिरा शांत उभी राहिली. मग तिनं मान वळवली आणि तोंड संभाजीच्या सदऱ्याच्या खिशापाशी नेलं. ओठांनी खिसा चाचपला. सलाम झाला की गूळ मिळतो, हे तिला त्यानंच शिकवलं होतं. गेल्या आठवड्यात तिनं कुठल्या वरातीत सलाम केला नव्हता, म्हणून खडा मिळाला नव्हता. आज तिनं केला होता.

सवयीनं सकाळी खिशात टाकलेला खडा खिशातच होता. संभाजीनं तो काढला आणि तिच्यापुढं तळहात धरला. हिरानं गूळ खाल्ला, हात चाटून पुसून घेतला, आणि आणखी मिळेल म्हणून पुन्हा मान झुकवली.